बॅटरीच्या दुकानावरची बाई

१२ फेब्रुवारी, गुरुवार

नोकरी सोडली! गेल्या महिन्यातच सोडली म्हणे, आणि मला कळतंय आज. तेही कुणाकडून — लॅबमध्ये पावत्या फाडणारी ती जाडी बाई, नवऱ्याची पॅन्ट कमी करायला घेऊन आली, तिच्याकडून. "आजी, भिंगरीचा स्वेटर आणि छत्री तशीच पडलीय कपाटात. न्यायला सांगा." माझ्या गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. टाचण्या काढल्या, म्हटलं सांगते हो, आणि वर हसले. लोकांसमोर तोंड पाडायची आपली पद्धत नाही.

संध्याकाळी धरली कारटीला. रोज सकाळी डबा भरून देते मी, तो जातो कुठे? तर तिथे! बाजारातल्या बॅटरीच्या दुकानावर एक खोली आहे, तिथे एक बुद्धाची बाई बसते. मुंडण केलेली. तिच्यासमोर माझी नात डोळे मिटून बसते.

म्हटलं, मला सांगितलं का नाहीस? तर म्हणे, "आर्याजींना माहीत आहे."

आर्याजींना माहीत आहे! म्हणजे झालं, सरकारदरबारी नोंद झाली!

लेक गेली तेव्हा ही एवढीशी. बापाने वर्ष फिरायच्या आत दुसरा संसार मांडला. दूध नको म्हणून जमिनीवर लोळायची, तापात माझी मान सोडायची नाही, तेव्हा कुठे होत्या आर्याजी? एका जागी ठरायची नाही म्हणून भिंगरी नाव पडलं. ती आता दुसरीकडे जाऊन स्थिर बसते. माझ्याकडे का नाही बसली?

लिहायची सवय नाही मला. शाळा चौथीत सुटली. पण बोलू कुणाशी? बोलायचं जिच्याशी, ती त्या दुकानावर जाऊन बसलीय.

१४ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी चहाच्या आधी भिंतीकडे तोंड करून बसते. विचारलं, भिंत काय म्हणते? म्हणाली, "श्वास बघतेय आजी." म्हटलं, बघ बाई, पळून जाईल.

पूर्वी असं बोलले असते तर फणकाऱ्याने उठली असती, दोन वाक्यं ऐकवली असती, मी चार. मग दोघींनी मिळून चहा. आता म्हणते, "ठीक आहे आजी."

ठीक आहे आजी! भात करपला, ठीक आहे. तुझ्या बापाने पुन्हा फोन केला नाही, ठीक आहे. भांडण एकटीने करता येतं का? माझी जीभ गंजून जाईल.

१५ फेब्रुवारी

एकच ओळ लिहिते, हात दुखतोय. शाळेच्या गणवेशांचा ढीग आहे. आज तिने नव्या चपला आणल्या. मला वाटलं, माझ्यासाठी. माझ्यासाठी नव्हत्या.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

गेले. बघूनच येते म्हटलं, एवढं काय सोनं लागलंय तिथे.

जिना अरुंद. खाली बॅटऱ्यांचा आंबट वास, वर गेलं की उदबत्तीचा. खोलीत चटया, एक छोटी मूर्ती, खिडकीत पेले उपडे घातलेले. आणि पोरं! पंचविशीतली, तिशीतली, धडधाकट पोरं, भर दुपारी जमिनीवर बसलेली. भिंगरीने मला पाहिलं, डोळे मोठे केले, मग सरकून जागा दिली.

मला वाटलं होतं, ती बाई तरुण असेल, गोड गोड बोलणारी. तर ही माझ्याच वयाची! लहानखुरी, कान बाहेर आलेले, डोकं असं गुळगुळीत की हात फिरवावासा वाटावा. मी मनात नावच ठेवलं, गुळगुळीत बाई. पायात नव्या चपला नव्हत्या, जिन्यात काढून ठेवलेल्या दिसल्या. नीट जोडीने. मी माझ्या त्यांच्यावर काढल्या.

"या ताई," म्हणाली. ताई म्हणे! दात तिचे माझ्याहून जास्त पडलेत.

मग एकेक जण बोलला. एक नर्स आहे, तिला हॉस्पिटलात जायची वेळ झाली की दारातूनच परत फिरावंसं वाटतं. एक उंच मुलगा, त्याची कंपनीच बुडाली. एकीचं लग्न मोडलं, अजून कुणाला सांगितलं नाही. मग माझी बोलली. "मला पुढे काही दिसतच नाही. सगळे कुठेतरी चाललेत आणि मी फलाटावर उभी आहे असं वाटतं." आणि डोळे पुसले.

माझ्यासमोर कधी पुसले नाहीत तिने!

आमच्या वेळी पुढे काय दिसायचं? पुढे काम दिसायचं. पण ती बोलली तेव्हा त्या बाईने फक्त मान हलवली, अक्षर बोलली नाही. मी असते तर बोलले असते. बोललेच असते. मग तिने अर्ध्यातच थांबवलं असतं. हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं आणि आणखीनच राग आला.

निघताना पाहिलं, भिंगरी सगळ्यांचे पेले घासत होती. घरी बशी उचलत नाही!

१८ फेब्रुवारी

एक गोष्ट लिहायची राहिली. बाईच्या अंगावरचं वस्त्र. त्याला चीवर म्हणतात, भिंगरीने सांगितलं. मी शिवणारी, माझी नजर आधी शिवणीवर जाते. जोडच जोड! तुकड्याला तुकडा, पट्टीला पट्टी, जसं कुणी उरलेल्या चिंध्यांतून भागवलंय. एवढी पोरं येतात आणि एकालाही तिला धड कापड घ्यावंसं वाटलं नाही?

मला वाईट वाटलं म्हणावं तर तसं नाही. मला बरं वाटलं. म्हटलं, आहे, हिच्याकडे नसलेलं काहीतरी माझ्याकडे आहे.

२२ फेब्रुवारी, रविवार

कपाटाच्या तळाला हॉटेलच्या पडद्यांचं कापड होतं. मातकट रंगाचं, सुती, दणदणीत. त्यांनी ऑर्डर रद्द केली तेव्हापासून पडून. रंग अगदी तिच्यासारखाच. पडद्याचा पन्हा मोठा — म्हणजे एकही जोड द्यावा लागणार नाही! सबंध वस्त्र, एका तुकड्याचं.

भिंगरीला काही सांगितलं नाही. तिला दिसू दे एकदम. कुणाच्या हातात काय आहे ते.

मशीनवर नाही, हाताने तुरपाई करतेय. बारीक. भिंग लावून शोधलं तरी टाका दिसायचा नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार

झालं. धुतलं, इस्त्री केली, घडी घातली. लग्नाच्या शालूलाही मी इतका जीव लावला नव्हता. आणि तो तर दुसऱ्या कुणाच्या लग्नातला, मागून आणलेला होता.

१ मार्च, रविवार

तोंड दाखवायला जागा नाही!

आज तिथे गर्दी होती. मी मुद्दाम गर्दीचाच दिवस धरला. सगळ्यांसमोर घडी उलगडली, म्हटलं, "बघा, नीट बघा, कुठे एक जोड नाही!"

उंच मुलगा छताकडे बघायला लागला. भिंगरी चटईची काडी उपसत बसली. शेवटी ती नर्स, भली पोरगी आहे, हळूच म्हणाली, "आजी, चीवर आधी कापतात. मग तुकडे जोडून शिवतात. सबंध कापडाचं चालत नाही."

"का चालत नाही?"

"कापलेल्या कापडाला किंमत राहत नाही ना. कुणी चोरत नाही, घालणाऱ्यालाही त्याची हाव वाटत नाही."

म्हणजे त्या चिंध्या नव्हत्याच! मापाने कापलेल्या होत्या, शेताच्या बांधांसारख्या आखून जोडलेल्या. तो नमुनाच आहे त्यांचा, पिढ्यान् पिढ्यांचा. सगळ्या जगाला ठाऊक, एक मला सोडून. आणि मला तिथे कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं होतं, उत्तर देता आलं असतं.

गुळगुळीत बाईने कापडावरून हात फिरवला. "सुंदर आहे," म्हणाली. मग आतून कात्री आणून माझ्या हातात दिली. "तुम्हीच कापा."

माझीच तुरपाई, माझ्याच हाताने! मी म्हटलं, "बाई, कापड कापून हाव जाते होय? माझा जन्म कात्रीत गेला, माझी कुठे गेली?"

तेव्हा मात्र हसली ती. मोठ्याने, तोंडावर हात न घेता. भिंगरीही हसली. दोघी एकदम, एकसारख्या. ते एकसारखं हसणं कानात घेऊन मी घरी आले.

कापलं नाही. उद्या येते म्हटलं.

३ मार्च

कापलं. कर्रकर्र. पहिला घाव घालताना डोळे मिटले, नंतर मजा आली.

ती शेजारी बसून तुकडे धरायची. काय धरते ती! तिरकं, सैल, दोनदा बोटात सुई घुसवून घेतली. म्हटलं, "इतकी वर्षं हे नेसता आणि सुई धरता येत नाही?" म्हणे, "माझं दुसऱ्यांनीच शिवलं नेहमी." बरं वाटलं. फार बरं वाटलं.

मध्येच म्हणाली, "आत काही उठलं की त्याला हाकलू नका. बघा आणि नाव ठेवा."

म्हटलं, नाव ठेवायला मी जन्मापासून तयार आहे.

४ मार्च

गणवेशाला बटणं लावता लावता प्रयत्न केला. उठलं ते बघितलं. नाव ठेवलं.

हेवा.

लिहितानाही लाज वाटली. पण तेच आहे, दुसरं नाव बसत नाही. बघितलं तरी गेला नाही. उलट ऐसपैस बसला, पाहुण्यासारखा.

८ मार्च, रविवार

जेवणानंतर भिंगरी समोर येऊन बसली. मांडी घालून, हात मांडीवर. मला कळलं, काहीतरी येतंय.

"आजी, मला घर सोडायचंय. दीक्षा घ्यायची आहे. आर्याजी तयार आहेत. फक्त घरच्यांची परवानगी लागते, तसा नियमच आहे. आणि घरचं म्हणजे तू."

ताट माझ्या हातात होतं. ते खाली ठेवलं.

"केस काढणार?"

"हो."

"आणि तिच्यापाशी राहणार?"

"त्या पाठवतील तिथे. आधी त्यांच्यासोबत."

त्यांच्यासोबत. त्या एका शब्दावर माझं डोकं फिरलं. दीक्षा घे, हिमालयात जा, समुद्रात जा — पण तिच्यासोबत? मी म्हटलं, नाही. मग आणखी मोठ्याने म्हटलं, नाही! शेजारच्या शिंप्यालाही ऐकू गेलं असेल. जिवंत आहे तोवर नाही, मेल्यावर विचार!

मला वाटलं आता पेटेल. थाळी आपटेल. मी कंबर कसून उभी.

"ठीक आहे आजी," म्हणाली आणि भांडी घासायला गेली. घरची भांडी! मी जिंकले आणि असं वाटलं, जसं रस्सीखेचीत कुणी समोरचं टोकच सोडून दिलं.

१० मार्च

गप्प आहे. जेवते, बसते, झोपते. शुक्रवारी तिची मुलाखत आहे, दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. कागद टेबलावर पडलाय, त्यावर चहाचा पेला ठेवते. जाणार का विचारलं तर खांदे उडवले.

माझ्या नाहीने हिला बांधून ठेवलं खरं. पण कशाला बांधलं, तेच कळेना. खुंटा आहे, गाय नाही.

११ मार्च, बुधवार

वर गेले. खरं सांगायचं तर मिरवायला. बाईला म्हणणार होते, बघा, तुमच्या नियमानेच तुम्हाला अडवलं.

ती एकटीच होती, खिडकी पुसत होती. मी जिन्यातूनच सुरुवात केली. "मी नाही म्हटलंय! ऐकलंत ना?"

"बरं केलंत," म्हणाली. "मीही नाहीच म्हटलं."

मी चटईवर बसलेच. "तुम्ही तयार आहात असं सांगितलं तिने मला!"

"मला सांगितलं, आजीने आनंदाने परवानगी दिली."

"खोटं बोलायचं नाही हा तुमचाच नियम ना? छान शिकवलंत!"

"घरून काय शिकून आली तेही बघा," ती म्हणाली. फडकं पिळत पिळत. तिला जीभ आहे, हे मला आजच कळलं. चांगली धारदार आहे. किती दिवसांनी कुणी मला उलटून बोललं!

विचारलं, तुम्ही का नाही म्हणालात? पोर मिळत होती आयती.

"मुलाखतीच्या तोंडावर चीवर मागतं का कुणी? परीक्षेच्या दिवशी पोर पोट धरून बसतं ना, तसं आहे ते. पोट दुखणं खरं असतं. पण म्हणून शाळा बदलत नाहीत."

हे मला दिसायला हवं होतं. तिचं पोट मी ओळखते, लहानपणापासून. मी तिच्या केसांवर अडकले, ही बाई पोटापर्यंत गेली. जळले मी. मुकाट्याने जळले आणि चहा प्यायले.

१२ मार्च, गुरुवार

आम्ही दोघींनी मिळून सांगितलं. बाई स्वतः घरी आली, माझ्या मशीनच्या स्टुलावर बसली. म्हटलं, भिंगरे, दोन्हीकडचं कळलंय. हिचंही नाही, माझंही नाही. मुलाखतीला जा.

आणि पेटली! अगं बाई, काय पेटली! मूळची भिंगरी, गरगर फिरत, हातवारे करत.

"तुम्ही दोघींनी मिळून ठरवलं? माझं? आजी, तुझ्यासमोर तोंड उघडलं की तू वाक्य पुरं करतेस, म्हणून मी तिकडे गेले. आणि आर्याजी, तुम्ही काहीच बोलत नाही, म्हणून मला वाटायचं तुम्हाला सगळं कळतं! दोघींच्या मध्ये मी रोज अर्धी अर्धी होते! एकीला खूश केलं की दुसरीचं तोंड पडतं!"

"माझं कुठे पडलं?" बाई म्हणाली.

"परवा आजीबद्दल बोलत होते तर म्हणालात, पुरे झालं आजीपुराण, श्वासाकडे बघ!"

मी तिच्याकडे बघितलं. तिने स्टूल थोडं मागे सरकवलं.

"जाते मी मुलाखतीला," भिंगरी म्हणाली. "मिळाली नोकरी तर राहते तिकडेच. बसेनही रोज सकाळी, ते सोडणार नाही. पण माझी मी. तिथे तुम्ही दोघी नसाल!"

दार आपटलं. भिंतीवरचं कॅलेंडर पडलं. मला म्हणाल तर, अंगात जीव आल्यासारखं वाटलं.

१५ मार्च, रविवार

मिळाली.

१६ मार्च

बॅग भरली तिने. मी पॅन्टांची टोकं आत घेऊन दिली, तिकडे चिखल असतो म्हणे. निघताना मिठी वगैरे मारली, नाटकं. म्हणाली, "आजी, मी काही सांगायला लागले की तू आधी दहापर्यंत मोज." म्हटलं, मला पाचपर्यंतच येतं. हसली. माझ्याकडे बघून हसली, एकटी माझ्याकडे.

बस दिसेनाशी झाल्यावर बाजूला बघितलं. फाटकाजवळ गुळगुळीत बाई. मला न सांगता आली होती! ती हात हलवत होती, बस गेली तरी.

२४ मार्च, मंगळवार

घरात आवाज नाही. मशीन चालवते, थांबवते, पुन्हा चालवते. चीवराचे शेवटचे दोन पट्टे राहिलेत. मुद्दाम राहू दिलेत, वर जायला निमित्त.

तिथे गेले की आम्ही भांडतो. टाक्यांवरून, चहावरून, उदबत्ती फार लावते त्यावरून. पोरं बसतात डोळे मिटून, आणि आम्ही कोपऱ्यात कुजबुजत भांडतो. नर्स एकदा म्हणाली, "शू!" आम्हाला!

५ एप्रिल, रविवार

भिंगरी रविवारी फोन करते. एकदाच, तोही माझ्या फोनवर, कारण वर खोलीत फोन नाही. म्हणून मी तो घेऊन वर गेले. माझं मन मोठं आहे! चटईवर मध्ये ठेवला, एका बाजूला मी, एका बाजूला ती. डोळे मिटले. सगळं सोडून द्यायचं, येईल तेव्हा येईल, असं तीच म्हणाली.

वाजला.

मी डोळे उघडले तेव्हा तिचा हात आधीच फोनवर होता.

मग नाव ठेवलं मी, हळूच, तिच्या कानाशी: हेवा. ती इतकी लाजली, की मी म्हटलं, "उचला आता. नाहीतर कापेल कारटी."